धुण्याचा दगड

आमच्या मागच्या अंगणात नळाखाली एक दगड होता. गुडघ्याएवढा उंच, काळाशार, एका अंगाला उतरता. त्या उतारावर ओला हात फिरवला तर काचेसारखा लागायचा. आई त्यावर कपडे धुवायची. वरच्या सपाट कडेला वाटीच्या बुडाएवढे खळगे होते, दोन रांगांत. एकात साबणाची वडी, एकात निळीची पुरचुंडी, एकात तुटकी बटणं आणि बाबांच्या खिशातून निघालेली पाच-दहा पैशांची नाणी. उरलेले खळगे माझे.

गिट्टीखदानच्या पलीकडे, काटोल नाक्याच्या बाजूला एका लेआऊटमध्ये बाबांनी १९७४ साली प्लॉट घेतला, तेव्हा तिथे घरांपेक्षा बाभळी जास्त होत्या. गिट्टीखदान हे नाव आम्ही दिवसातून दहादा घ्यायचो, पण त्यातली गिट्टी आणि खदान कानावर कधी पडली नाही. नागपूर काळ्या दगडाच्या काठावर बसलेलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा पूर्वेकडचा काठ इथेच कुठेतरी संपतो. पश्चिम नागपूर त्या दगडावर आहे आणि त्याच दगडाच्या पायव्यावरही. आमच्या घराचे दगड काटोल रोडच्या अंगानं बैलबंडीतून आले. त्यातला हा एक मिस्त्रीला फुटेना. दोनदा घण घातला, ठिणग्या उडाल्या, टवकासुद्धा निघाला नाही. आई माहेरची काटोलकडची. ती म्हणाली, "राहू द्या न जी तो गोटा. धुण्याले होते."

झालं. चाळीस वर्षं तो धुण्याला झाला.

माझे खळगे मी भातुकलीला वापरत असे. विटेचा तुकडा खळग्यात घासायचा, नळाचे दोन थेंब टाकायचे, पुन्हा घासायचा. सायीसारखा लाल लगदा जमायचा. दुसऱ्या खळग्यात शेवग्याचा पाला चेचून हिरवा. कोळशाचा काळा मात्र नीट होत नसे, पाण्यावर तरंगायचा. मग त्यात आईच्या नजरेआड थोडं गोडं तेल घालायचं. एका उन्हाळ्यात या रंगांनी मी शेजाऱ्यांच्या नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर गाय काढली. गाय बाजूनं दिसत होती आणि तिची शिंगं समोरून, दोन्ही, कारण गाईला दोन शिंगं असतात हे मला माहीत होतं. बाबा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. त्यांनी आधी शेजाऱ्यांची माफी मागितली, मग माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि मग कमरेवर हात ठेवून बराच वेळ भिंतीकडे पाहत उभे राहिले. "पाय बरोबर आले आहेत," एवढंच म्हणाले.

फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत, १९४०मध्ये सापडलेल्या त्या प्रसिद्ध गुहेत, बैल बाजूनं आहेत आणि त्यांची शिंगं पाहणाऱ्याकडे वळलेली आहेत. हे मी खूप पुढे वाचलं. तेव्हा बाबा नव्हते, नाहीतर फोन केला असता.

भोपाळकडच्या भीमबेटकाला, खडकांवरच्या जुन्या चित्रांच्या त्या जागी, मी पहिल्यांदा गेले तेव्हा पन्नाशीला आले होते. नागपूरकरांना पचमढी पाठ असते. माझे आजोबा महादेवाला जायचे, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढायचे. त्या डोंगरांत रंगवलेल्या कपारी जागोजाग आहेत, आजोबा कितीदातरी त्यांच्या जवळून गेले असतील, पण घरी येऊन सांगायचे ते पावसाचं, जळवांचं आणि कोणाचा पाय घसरला त्याचं. भीमबेटका मात्र आमच्या यादीतच नव्हतं. बँकेतल्या आम्ही चौघी रेल्वेनं निघालो, इटारसी मागे टाकली, आणि ओबेदुल्लागंजच्या अलीकडे डाव्या-उजव्या बाजूला झाडीतून वर आलेले डोंगर दिसू लागले. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांना १९५७ साली ते खडक असेच रेल्वेतून दिसले होते. नीमचला जन्मलेला, उज्जैनचा झालेला हा मराठी माणूस पुढच्या स्टेशनावर उतरला आणि चालत गेला. डबाभर लोकांना तेच डोंगर दिसले असणार. मलाही दिसले, मी पुडीतला चिवडा संपवला.

सातशेवर कपारी आहेत तिथे, त्यांतल्या निम्म्याहून जास्त रंगवलेल्या. २००३पासून जागतिक वारशाच्या यादीत. पायवाट आखलेली, पाट्या लावलेल्या, ऊन कडक. पहिल्या दोन-तीन कपारींत माझ्या नजरेला काहीच लागेना. खडकावर लालसर डाग, पावसाचे ओघळ, शेवाळ. गाईडनं काठीच्या सावलीनं एक रेघ दाखवली. "ही पाठ." मग पोट, मग पाय, आणि एकदम, अक्षरशः एकदम, हरीण. एक हरीण दिसलं की शेजारची सात दिसतात. प्राणिसंग्रहालय म्हणतात त्या खडकावर तर प्राण्यांवर प्राणी आहेत: पांढऱ्यावर लाल, हरणांच्या अंगावरून चाललेले हत्ती, आणि त्यांच्याही वरून नंतरच्या कुठल्यातरी काळातले घोडेस्वार, ढाली-तलवारी घेतलेले. आधीचं कोणी पुसलं नाही. शेजारी कोरी जागा असताना त्याच जागेवर काढलं. आमच्यातल्या एकीनं म्हटलं, "आपल्याकडच्या पोस्टरांसारखं." खरं आहे, पण पोस्टर लावणारा खालचं पाहत नाही. इथे ज्यानं हत्ती काढला त्याला हरीण दिसत होतं.

लाल रंग गेरूचा. म्हणजे लोहाचा दगड घासून, पाण्यात किंवा चरबीत कालवून. हे ऐकताना माझ्या बोटांच्या टोकांना विटेची खरखर आठवली.

तिथल्या सगळ्यात मोठ्या गुहेला सभागृह म्हणतात. खरोखर देवळाच्या मंडपासारखी उंच आणि गार. तिच्यातल्या एका भल्यामोठ्या शिळेवर चित्रं नाहीत, फक्त वाट्या ठोकलेल्या आहेत. दगडानं दगडावर ठोकून ठोकून केलेले गोल खळगे. काही अभ्यासक त्यांचं वय लाखाच्या वर वर्षं धरतात, सगळ्यांना ते मान्य नाही. चित्रं पाहून थकलेली माणसं त्या शिळेपाशी थांबत नव्हती. मीही फार थांबले नाही. पण परतीच्या गाडीत काहीतरी डोक्यात टोचत राहिलं, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं. काय ते कळेना.

कळलं पुढच्या महिन्यात, आणि तेही घरापासून अर्ध्या तासावर.

जुनापाणी हे गाव काटोल रोडवर, नागपूरपासून दहा-बारा किलोमीटर. गोरेवाडा मागे पडला की ढाबे, लॉन, प्लॉट विकणाऱ्यांचे फलक, आणि मग डाव्या-उजव्या हाताला बरड. जिथे नांगर चालत नाही, ज्याला सातबाऱ्यावर झुडपी जंगल म्हणतात, तशी जमीन. या रस्त्यानं आम्ही आईच्या माहेरी शेकडो वेळा गेलो आहोत. एका रविवारी तर्रीपोहे खाऊन मी आणि माझा भाचा नुसतं पाहायचं म्हणून थांबलो. भाचा भूगर्भशास्त्र शिकलेला, त्याला दगडांचं कौतुक नाही, दगड हे त्याचं ऑफिस आहे.

पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे. तिच्यामागे वाळलेलं कुसळी गवत, बोरी, पळस, आणि गवतात बसलेले दगड. आधी ते नुसते दगडच वाटतात. मग आपण चालत जातो आणि लक्षात येतं की उजवीकडचा दगड, पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे वळताहेत. आपण एका वर्तुळाच्या काठाकाठानं चाललो आहोत. मधे जमीन किंचित फुगलेली, जणू कोणी गोधडी घेऊन निजलं आहे. आणि खरोखर निजलेलंच आहे, कारण ही थडगी आहेत. अशी वर्तुळं जुनापाणीला सुमारे तीनशे. काही एका खोलीएवढी, काही लग्नाच्या मांडवाएवढी.

दोन-चार गाई आणि एक म्हातारे गृहस्थ तिथे होते. वर्तुळाच्याच एका दगडावर बसून बिडी ओढत होते.

"काय पाहून राहिल्या ताई?"

"हे गोटे पाहतो आहोत काका. कोणाचे म्हणतात इथे?"

"गवळीराजाचे. आमचा बुढा सांगे. ढोरं बांधाचे म्हणे त्याचे." मग थोडं थांबून, माझ्या भाच्याकडे पाहत, "सरकारचे लोक मुर्दे आहे म्हणते खालतं. असंन. ढोरायले काई फरक पडत नाही."

ते उठले तेव्हा त्यांच्या बसायच्या जागेच्या कडेला मला ते दिसले. खळगे. वाटीच्या बुडाएवढे, दोन समांतर रांगांत. मी खाली बसले आणि कोणताही विचार न करता उजव्या हाताचं मधलं बोट एका खळग्यात घालून गोल फिरवलं. ते बोट तिथे जायचं कसं हे त्याला माहीत होतं. विटकरीचा लगदा असाच फिरवायचा असतो.

भाचा म्हणाला, "मावशी, काय झालं?"

मी म्हटलं, "आपला धुण्याचा दगड."

घरी येऊन मी जे मिळेल ते वाचलं. आपल्याकडे वाकाटकांवर पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. नगरधनला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मुद्रा सापडली की बातमी होते, मनसरची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे याचा आपल्याला अभिमान असतो, आणि ते बरोबरच आहे. पण राजा, राणी, शिलालेख नसलेल्या या लोकांबद्दल शाळेत एक ओळ नव्हती. इसवी सनापूर्वी हजार ते तीनशे या सातशे वर्षांत विदर्भाच्या या पट्ट्यात त्यांनी आपल्या माणसांना दगडी वर्तुळांत पुरलं. लिहून काही ठेवलं नाही. त्यांच्यापाशी लोखंड होतं, आणि काय लोखंड! पुरातत्त्वज्ञ शं. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा आणि मग १९७० ते १९७२ या काळात माहुरझरी खणली. माहुरझरी म्हणजे जुनापाणीवरून थोडं पुढे. कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी निघाल्या, काळी-तांबडी मडकी निघाली, आणि माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेले. पेंचच्या काठी नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. बैलांना पोळ्याला सजवणाऱ्या मुलखात मेलेल्या घोड्याला तांब्यानं मढवणारी माणसं मला परकी वाटेनात.

माहुरझरी मण्यांचंही गाव. अकीक, गोमेद, स्फटिक. तिथले शेतकरी अजून सांगतात की पहिला पाऊस जोरात झाला की वावरात मणी धुऊन वर येतात.

आणि जुनापाणीच्या वाट्या. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं ते रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं. हा माणूस मध्य प्रांताचा कापूस आयुक्त होता. म्हणजे काम काय, तर वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला नीट पोचतो की नाही हे पाहणं. पण कुमाऊंपासून नागपूरपर्यंत जिथे जाईल तिथे तो दगडांवरचे खळगे मोजत बसे आणि आपल्या देशातल्या खळग्यांशी ताडून पाही. त्याचं नागपूरकडच्या वर्तुळांवरचं लिखाण १८७९ साली छापून आलं. (बी. के. थापर यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे जुनापाणी पुन्हा खणलं ते १९६१-६२मध्ये.)

१८७९ हे साल माझ्या डोक्यात अडकलं, कारण त्याच साली तिकडे स्पेनमध्ये मार्सेलिनो सान्स दे सौतुओला हा गृहस्थ अल्तामिराच्या गुहेत खाली मान घालून मातीत हाडं आणि दगडी हत्यारं शोधत होता. बरोबर त्याची लहान मुलगी, मारिया. तिला मान खाली घालायची गरज नव्हती. तिनं वर पाहिलं आणि ओरडली, "बाबा, बैल!" छतभर गवे होते. सौतुओलानं ते पुढल्या वर्षी प्रसिद्ध केलं आणि युरोपातल्या विद्वानांनी त्याला खोटारडा ठरवलं. इतकी चांगली चित्रं गुहेत राहणारा माणूस काढूच शकत नाही, तूच कोणाकडून तरी काढून घेतलीस. १८८८मध्ये तो त्याच बदनामीत गेला. विरोधकांतले मोठे कार्तेयाक यांनी जाहीर माफी मागितली ती १९०२मध्ये. माफी घ्यायला मारिया होती.

आणि या सगळ्याच्या बारा वर्षं आधी, १८६७-६८च्या सुमारास, आपल्याकडे मिर्झापूरच्या सोहागीघाटात कार्लाइल नावाच्या सर्वेक्षकाला कपारींत चित्रं दिसली होती. ती प्राचीन असावीत असं त्यानं टिपूनही ठेवलं. पण छापलं नाही. त्याच्या टिपा दुसऱ्या कोणी प्रसिद्ध करेपर्यंत १९०६ उजाडलं. आपल्याकडच्या फायली तेव्हाही अशाच हलत होत्या म्हणायच्या.

या वर्तुळांच्या कथेत नागपूरचा एक मृत्यूही आहे, आणि मी ज्या कॉलेजात तीन वर्षं काढली ते कॉलेज त्याच माणसाच्या नावाचं आहे हे कळायला मला तीस वर्षं लागली. स्टीफन हिस्लॉप. १८४५मध्ये नागपूरला आलेला स्कॉटिश मिशनरी, जो धर्म शिकवायला आला आणि जीवाश्म गोळा करत, गोंडी गाणी उतरवून घेत फिरत राहिला. सप्टेंबर १८६३मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर टेंपल यांच्याबरोबर तो टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहायला गेला. परतताना वाटेत बोरीची शाळा तपासायची म्हणून मागे राहिला. पाऊस, अंधार, फुगलेला नाला. त्याचं तट्टू एकटंच मुक्कामावर पोचलं. ते बोरी म्हणजे आजची बुटीबोरी, जिथे आता कारखान्यांच्या बसगाड्या शिफ्ट बदलाच्या वेळेला रांगेनं सुटतात.

तर मी भारावून गेले होते. आईला सांगितलं, बहिणीला सांगितलं, ऑफिसात डबा खाताना सांगितलं. आमच्या घरी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा दगड होता! भाच्यानं चार दिवस ऐकून घेतलं आणि मग सावकाश म्हणाला, "मावशी, बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या या काळ्या दगडात, बुडबुडे असतात. लाव्हा थंड होताना वायू अडकतो, पोकळी राहते. कधी त्यात स्फटिक भरतो, तो पुढे निखळतो, आणि राहतो तो गोल खळगा. असे दगड आपल्या इकडे ट्रकानं मिळतात."

"रांगेत?"

"कधीकधी रांगेत पण. लाव्हा वाहतो ज्या दिशेला, त्या दिशेला."

"दोन समांतर रांगा?"

तो गप्प बसला, पण ते पटून नव्हे. "दगड दाखव," म्हणाला. "घाव आहे की बुडबुडा, भिंगाखाली दोन मिनिटांत सांगतो."

दगड दाखवायचा कुठून? बाबा गेल्यावर आईला एवढं घर झेपेना. २०१४मध्ये आम्ही प्लॉट एका बिल्डरला फ्लॅट स्कीमसाठी दिला. आम्हाला दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट, पार्किंग, आणि तुळशीसाठी बाल्कनीत जागा. करारात सागवानी दारांच्या चौकटी, देव्हारा आणि शहाबादी फरशी परत द्यायचं ठरलं होतं. दगडाचा उल्लेख नव्हता. कोण करणार? जेसीबी आला त्या दिवशी मी मार्चएंडमध्ये होते. आईनं त्यांच्या माणसाला सांगितलं होतं म्हणे, तो धुण्याचा गोटा बाजूले ठेवजा बाप्पा. तो हो म्हणाला. संध्याकाळी पाहिलं तर मलबा उचललेला. विचारलं तर उत्तर आलं, भरण्यात गेला असेल, कुठे गेला कोणी सांगावं, एक दगडच तर होता. तेव्हा मलाही ते फारसं चुकीचं वाटलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. त्या वर्षांत नागपुरात जिथे पाहावं तिथे सिमेंटचे रस्ते होत होते. त्यातल्याच एखाद्याच्या पोटात तो असणार, आणि मी कदाचित रोज त्याच्यावरून स्कूटी नेते.

मध्यंतरी भीमबेटकाबद्दलच एक गंमत घडली, ती मी भाच्याच्या बाजूनं सांगते. २०२१मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की सभागृह गुहेच्या छताला डिकिन्सोनिया नावाच्या जिवाचा ठसा आहे. पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचा, जगातल्या सगळ्यात जुन्या प्राण्यांपैकी एक. जगभर बातम्या. लाखो लोकांनी त्या छताखाली उभं राहून चित्रं पाहिली आणि डोक्यावरचा हा जीव कोणाला दिसला नाही, अशी हळहळ. दोन वर्षांनी फ्लोरिडाहून आलेल्या दुसऱ्या चमूनं जवळ जाऊन पाहिलं तर तो ठसा खडकाला सोडून निघत होता. तो होता आग्यामोहळाचा. मोहळ गळून गेलेलं, मेणाचा डाग राहिलेला. ज्यांनी शोध लावला होता त्यांनीही चूक मान्य केली, ताबडतोब आणि उमदेपणानं.

भाचा ही गोष्ट फोनवर सांगताना इतका हसला की मलाही हसू आलं. पण मग मी त्याला मारियाची गोष्ट सांगितली. तिकडे इतक्या शहाण्या माणसांना बैल समोर असून वीस वर्षं दिसला नाही, इकडे शहाण्यांनाच मोहळात प्राणी दिसला. दोन्हीकडचे लोक भिंग घेऊनच गेले होते की. तो म्हणाला, "म्हणून तर म्हणतो, दगड दाखव."

मोर्शीच्या वर, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या सातपुड्यात, धारूळजवळ २००७मध्ये अमरावतीच्या काही निसर्गप्रेमींना चित्रांनी भरलेल्या कपारी सापडल्या. मोठा शोध, त्यांच्या पायपिटीला मनापासून नमस्कार. पण त्यातल्या मुख्य कपारीचं नाव पाहा: मुंगसादेव. नाव आधीपासून आहे, म्हणजे देवही आधीपासून आहे, आणि त्याला नारळ फोडणारेही. त्यांना ती कधी हरवलीच नव्हती. जुनापाणीचे काका दगडावर बसतात, आई दगडावर धुते, मुंगसादेवाला कोणी शेंदूर लावतं. मला वाटतं, वस्तू टिकवायची ही एक जुनी पद्धत आहे: तिला कामाला लावायचं. फक्त ती जेसीबीपुढे चालत नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी मी भाच्याला सांगितलेली नाही. त्या दगडाच्या उतरत्या बाजूवरचा काचेसारखा गुळगुळीतपणा तिथे आधीपासून नव्हता. तो आईचा. चाळीस वर्षं, रोज एक बादली कपडे, पोळ्याला आणि दिवाळीला गोधड्या. भिंगाखाली दोन मिनिटांत काय दिसलं असतं? वरच्या कडेला तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोणाचे तरी घाव, किंवा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे बुडबुडे, आणि त्यांच्या खाली एक वीतभर अंतरावर माझ्या आईच्या मनगटाची झीज. ती मात्र नक्की.

गेल्या पावसाळ्यात बाबांची लोखंडी ट्रंक ओल येते म्हणून उघडली. त्यात त्यांच्या ऑफिसची रिकामी टोपणं, रोटरिंगचे पेन आणि ट्रेसिंग पेपरची एक गुंडाळी निघाली. पिवळी पडलेली, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. १९८१मध्ये मागच्या अंगणात पाण्याची नवी लाइन घ्यायची होती, त्यासाठी त्यांनी काढलेला नकाशा. एवढ्याशा कामाला कोणी नकाशा काढत नाही. प्लंबरनं तर तो पाहिलाही नसेल. पण माणूस ट्रेसर होता. नळ, चेंबर, शेवगा, मोगरा, न्हाणीचं दार किती अंशात उघडतं ते, सगळं शाईनं, प्रमाणात. आणि नळाखाली एक वेडावाकडा अंडाकार, त्यात उताराच्या बारीक रेघा, आणि वरच्या कडेला ठिपके. दोन रांगांत. ट्रेसरचं काम समोर आहे ते उतरवून घेण्याचं, का आहे ते विचारण्याचं नव्हे, हे ते नेहमी म्हणत.

मी ठिपके मोजले. दहा. फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं: अंतरं सारखी आहेत. त्यापुढे काही नाही. भूशास्त्रज्ञाकडून एवढं मिळालं हे पुष्कळ झालं.

आई सोफ्यावर वाती वळत बसली होती. तिला आता जवळचं नीट दिसत नाही. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला, चष्मा दिला, आणि तिचं बोट धरून त्या अंडाकारावर नेलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग वातीचा कापूस चिकटलेल्या नखानं एकेक ठिपका मोजू लागली, आधी वरची रांग, मग खालची.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

"दहाच काढले आहेत बाबांनी."

"अकरा होते. हा नाही काढला त्यायनं." खालच्या रांगेच्या शेवटी तिनं कोऱ्या जागेवर नख टेकवलं. "त्यात तवा साबण असंन."